भगंदर आणि क्षारसूत्र: पहिल्या तपासणीपासून शेवटचा दोरा गळेपर्यंत

ओपीडीच्या बाकावर जागा रिकामी असतानाही जो माणूस भिंतीला टेकून उभा राहतो, त्याला काय झालंय हे मला बहुतेक वेळा केसपेपर न बघताच कळतं. मी आयुर्वेद रुग्णालयाच्या शल्य विभागात परिचारिका आहे. गेली सतरा वर्षं माझा बराचसा दिवस ड्रेसिंग रूममध्ये जातो. डॉक्टर आत सगळं समजावून सांगतात, पेशंट मान डोलावतो, आणि बाहेर आल्यावर हळूच मला विचारतो, "सिस्टर, दोरा किती दिवस आत राहणार? संडासला कसं जायचं? गाडी चालवली तर चालेल का? घरी काय सांगू?" दोरा म्हणजे क्षारसूत्र, भगंदराच्या नळीसारख्या वाटेत घालून ठेवायचा औषध लावलेला धागा. हा लेख म्हणजे दाराबाहेरच्या त्या प्रश्नांची उत्तरं आहेत. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण दोरा लावल्यापासून गळेपर्यंत काय काय होतं आणि तुमच्या वाटणीचं काम कोणतं, हे आधी माहीत असलं की निम्मी भीती जाते.

आधी हे भगंदरच आहे ना?

आपल्याकडे त्या जागेचं काहीही दुखणं असलं की सरसकट 'मूळव्याध' म्हणायची पद्धत आहे, आणि त्यात महिनेच्या महिने जातात. ढोबळ फरक असा. मूळव्याधीत बहुधा न दुखता रक्त पडतं आणि कोंब बाहेर येतो. फिशरमध्ये, म्हणजे गुदाला चीर पडली की, शौचाच्या वेळी चिरल्यासारखी कळ येते आणि नंतर तास-दोन तास आग होत राहते. भगंदराची सुरुवात बहुतेकदा गळवाने होते. गुदाच्या बाजूला गाठ येते, ठणकते, ताप येतो, मग ती फुटते किंवा कोणीतरी कापून पू काढतं, आणि माणसाला वाटतं सुटलो. काही आठवड्यांनी त्याच जागी पुटकुळी येते, फुटते, थोडा पू येतो, बंद होते, पुन्हा भरते. कपड्याला डाग पडू लागतात. गळू सारखं 'त्याच जागी' येत असेल तर ते गळू राहिलेलं नाही, आतपर्यंत गेलेली वाट आहे, असं समजून तपासून घ्या.

ती वाट तयार होते कशी? गुदमार्गाच्या आतल्या बाजूला बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबते, पिकते, आणि पू स्नायूंमधून वाट काढत बाहेरच्या कातडीपर्यंत येतो. म्हणजे एक तोंड आत, एक बाहेर आणि मध्ये नळी. नुसतं बाहेरचं तोंड सुकवून उपयोग होत नाही, कारण आतलं तोंड तसंच राहतं. अँटिबायोटिकने पू आटतो, नळी जात नाही.

ठणका आणि ताप चालू असेल, गाठ गरम आणि टणक असेल, तर ती वेळ दोऱ्याची नाही. आधी पू काढावा लागतो, आणि तोही लवकर. "दोराच लावा" म्हणून हट्ट धरू नका. मधुमेह असलेल्या माणसाने तर अशा गाठीवर शेक देत एक दिवससुद्धा घालवू नये.

कोणाकडे जायचं

एसटी स्टँडच्या भिंतीवर 'बिनऑपरेशन, एका दिवसात मुळापासून, शंभर टक्के खात्री' असे बोर्ड तुम्ही पाहिले असतील. मागे एक काका आमच्याकडे आले होते. कुठल्याशा अशाच दवाखान्यात त्यांना त्या जागी इंजेक्शन दिलं होतं. कसलं, हे त्यांना सांगितलं नव्हतं, कागदही दिला नव्हता. मूळ वाट बोटभर लांबीची असावी. ते आले तेव्हा आजूबाजूचं मांस सडून हातभर रुंद जखम झाली होती. ती भरून येईपर्यंत दोऱ्याचा विचारही करता आला नाही. भगंदर एका दिवसात जात नाही, आणि ते जाईल असं सांगणाऱ्यापासून दूर राहा.

क्षारसूत्र लावणारे डॉक्टर बीएएमएस झाल्यावर शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेच्या शाखेत, एमएस केलेले असावेत, किंवा अशा तज्ज्ञाच्या हाताखाली रीतसर शिकलेले असावेत. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने शल्यतंत्र आणि शालाक्यतंत्राच्या (डोळे, कान, नाक, घसा यांच्या शाखेच्या) पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिकायच्या शस्त्रक्रियांची यादी स्पष्ट केली. महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मुंबईत वरळीचं पोदार, नागपूर, नांदेड, धाराशिव इथली शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं, पुण्यात रास्ता पेठेतलं ताराचंद, आणि गोव्यात धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था, अशा ठिकाणी चौकशी करता येईल. जाताना जुने सगळे कागद न्या. आधी ऑपरेशन झालेलं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड हमखास न्या.

विचारायचे प्रश्न चारच. माझी वाट स्नायूच्या किती भागातून जाते? किती आठवडे लागतील असा अंदाज आहे? दर आठवड्याला दोरा तुम्हीच बदलणार का? आणि माझ्या बाबतीत दोऱ्यापेक्षा सरळ ऑपरेशन बरं पडेल का? शेवटच्या प्रश्नाला जे डॉक्टर चिडत नाहीत, त्यांच्याकडे निर्धास्त जा. वाट अगदी वरवरची आणि आखूड असेल तर ती एकदाच उघडून मोकळी करणं सोपं पडतं. आमचे डॉक्टरही अशा पेशंटला तसं स्पष्ट सांगतात.

तपासण्या

बोटाने तपासणी होते, नंतर प्रॉक्टोस्कोप, म्हणजे आत बघायची आखूड नळी, घालून आतलं तोंड दिसतं का ते बघतात. मिनिटभराचं काम आहे. तोंड उघडं ठेवून श्वास घेत राहिलात तर आकडून धरलेले स्नायू सैल पडतात आणि दुखत नाही. बायकांनी स्त्री डॉक्टर किंवा सोबत सिस्टर असावी असं बिनदिक्कत सांगावं, तो तुमचा हक्क आहे. नवऱ्याला, सासूला न सांगता चार-चार वर्षं जुन्या साडीचे तुकडे वापरून दिवस काढलेल्या बायका मी बघितल्या आहेत. लाजेपायी आजार वाढतो, आणि पुढे उपचारही लांबतात.

रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या होतात: हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, कावीळ बी. साखर जास्त असेल तर आधी ती आटोक्यात आणतात, घाई करत नाहीत. वाट लांब, फाटे फुटलेली किंवा पूर्वी ऑपरेशन होऊन पुन्हा आलेली असेल तर एमआरआय करायला सांगतात. खर्च वाटतो, पण एखादा फाटा नजरेतून सुटला तर पुढचे सगळे आठवडे वाया जातात, म्हणून तो टाळू नका. बारीक ताप, वजन घटणं, खोकला असेल तर क्षयाची शंका घेऊन तपासतात. जुनाट जुलाब आणि पोटदुखी असेल तर क्रोन्स हा आतड्याचा आजार नाही ना, हे बघतात. या दोन्हींत मूळ आजारावर उपचार न करता नुसता दोरा लावला तर भगंदर परत येणार हे नक्की.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल, दिवस गेलेले असतील, तर न विचारताही सांगा. गरोदरपणात शक्यतो दोरा लावत नाहीत. पू झाला तर तेवढा काढून बाकीचं बाळंतपणानंतर बघतात.

हा दोरा आहे तरी काय

पेशंटच्या हातात मी कधीकधी बंद नळीतला दोरा देते. हळदीचा पिवळा, जरा खरखरीत, पतंगाच्या मांजासारखा ताठ. आत असतो मजबूत लिननचा, २० नंबरचा सर्जिकल धागा. त्यावर एकूण २१ थर चढवतात. पहिले ११ थर नुसत्या निवडुंगाच्या चिकाचे, म्हणजे स्नुहीच्या. आपल्याकडे त्याला थोरही म्हणतात. पुढचे ७ थर चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे. शेवटचे ३ चीक आणि हळदीचे. हाच तो आघाडा, जो श्रावणात आणि गणपतीत पत्रीला लागतो. तो वाळवून जाळायचा, राख पाण्यात कालवून पुन्हा पुन्हा गाळायची आणि ते पाणी आटवायचं. तळाशी उरते ती पांढरी भुकटी म्हणजे क्षार.

चीक पहाटे काढून ताजाच वापरावा लागतो, उशीर झाला की साकळतो. धागा चौकटीवर ताणून बसवतात, हातमोजे घालून कापसाच्या बोळ्याने चीक एकसारखा लावतात आणि चौकट कॅबिनेटमध्ये ठेवतात. तिथे गरम हवेने थर सुकतो आणि अतिनील दिव्याने जंतू मरतात. बहुतेक ठिकाणी दिवसाला एकच थर, म्हणजे एक दोरा तयार व्हायला तीन आठवडे तरी लागतात. थर जाड-बारीक झाला की आत गेल्यावर एका जागी जास्त जळतं आणि दुसरीकडे काहीच होत नाही. हे घरी करून बघायचं काम नाही. निवडुंगाच्या चिकाचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत नाडीव्रणाच्या, म्हणजे आत नळीसारखी वाट (नाडी) गेलेल्या जखमेच्या, चिकित्सेत सांगितलंय की माणूस कृश, दुर्बळ किंवा भित्रा असेल, किंवा नाडी मर्माच्या, म्हणजे नाजूक, जागी असेल, तर ती शस्त्राने न कापता क्षारसूत्राने कापावी. त्या यादीत 'भित्रा' हा शब्द आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. पेशंटच्या भीतीची नोंद त्या काळच्या वैद्याने घेतली होती. पुढे चक्रपाणिदत्ताने 'चक्रदत्त' या ग्रंथात हळद आणि स्नुहीच्या चिकात पुन्हा पुन्हा भिजवलेल्या दोऱ्याबद्दल लिहिलं. आजचा २१ थरांचा प्रमाणित दोरा मात्र काशी हिंदू विद्यापीठातला. १९६० च्या दशकात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे या पद्धतीचा नव्याने अभ्यास केला आणि ती रुजवली.

दोरा करतो काय, तर तीन कामं एकाच वेळी. आतला पू दोऱ्यावरून बाहेर निघत राहतो. क्षारामुळे नळीचं सडकं अस्तर झडतं. आणि बांधलेला दोरा पुढे पुढे कापत जातो, तसतशी मागची जागा भरत येते. स्नायू एका घावात दुभंगला तर त्याची टोकं लांब सरकतात आणि शौचावरचा ताबा जाण्याची भीती असते. दोऱ्याच्या संथ गतीमुळे टोकं जागेवर धरून राहतात. तरीही हा धोका शून्य नसतो. वाट फार उंच असेल, किंवा बाळंतपणात आधीच स्नायूला इजा झालेली असेल, तर तो आधी मोकळेपणाने बोलून घ्यायचा विषय आहे.

याची किंमत वेळात मोजावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर शस्त्रक्रिया आणि क्षारसूत्र यांची तुलना केली, त्याचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेने जखम भरायला ४ आठवडे लागले, क्षारसूत्राने ८. पण भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के होतं आणि क्षारसूत्रानंतर ४ टक्के. दुप्पट दिवस द्यायची तयारी असेल तरच या वाटेला या.

दोरा लावायचा दिवस

आदल्या रात्री हलकं जेवण आणि पोट साफ होण्याचं औषध. सकाळी उपाशीपोटी यायचं. केस काढणं, एनिमा, धनुर्वाताचं इंजेक्शन, भुलीच्या औषधाची चाचणी हे सगळं आम्ही करून घेतो. सोबत एक माणूस, दोन जुन्या सुती चड्ड्या, सॅनिटरी पॅडचं पाकीट आणि सैल लेंगा किंवा गाऊन आणा. पॅड पुरुषांनीही आणायचे, त्यात संकोच नको.

भूल कमरेत देतात किंवा तेवढ्याच जागेत. पाठीवर झोपवून पाय वर आधारावर ठेवतात. बाहेरच्या तोंडातून निळा रंग सोडून तो आत कुठे उतरतो ते बघतात, म्हणजे आतलं तोंड सापडतं. मग बोथट टोकाची, वाकवता येणारी सळई बाहेरून हलकेच आत सरकवतात. सुश्रुतांनी जिला एषणी म्हटलं तीच ही. तिच्या टोकाला सुईसारखं नेढं असतं, त्यात दोरा ओवून सळई मागे घेतली की दोरा वाटेत बसतो. दोन्ही टोकं बाहेर आणून गाठ मारतात. वाट साधी असेल तर हे सगळं अर्ध्या तासात उरकतं. काही डॉक्टर पहिल्या वेळी साधाच धागा घालतात आणि काही दिवसांनी त्या जागी क्षारसूत्र आणतात. तुमच्या बाबतीत तसं झालं तर काही चुकलंय असं समजू नका.

भूल उतरल्यावर आग होते. ती खरी असते, सहन करून दाखवायची गरज नाही, गोळी मागा. कमरेतून भूल दिली असेल तर सहा-आठ तासांत लघवी झालीच पाहिजे, नाही झाली तर सांगा. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

दर आठवड्याचा दोरा बदल

याचीच सगळ्यांना धास्ती असते, म्हणून जरा सावकाश सांगते.

दोऱ्यावरचा क्षार आठवडाभरात संपत आलेला असतो, म्हणून साधारण दर सातव्या दिवशी दोरा बदलतात. त्यासाठी पुन्हा भूल लागत नाही, सळईही घालावी लागत नाही. लेंग्यात नवा नाडा घालताना आपण जुन्या नाड्याच्या टोकाला नवा बांधून ओढतो ना, अगदी तसंच. नवा दोरा जुन्याला गाठीच्या शेजारी बांधायचा, जुना गाठीच्या दुसऱ्या बाजूने कापायचा आणि ओढून घ्यायचा. त्याच्या मागोमाग नवा आत येतो. टेबलावर चढण्यापासून उतरण्यापर्यंत पाच मिनिटं, त्यातली प्रत्यक्ष ओढायची वेळ काही सेकंदांची. त्या क्षणी चुरचुरतं. मी पेशंटला तेव्हा मोठ्याने बोलायला लावते. गावाचं नाव, मुलं काय करतात, पाऊस किती झाला. बोलताना श्वास सुटतो आणि स्नायू ढिला पडतो.

येण्याआधी घरी टबात बसून या, पोट साफ करून या आणि काहीतरी खाऊन या. उपाशी आलात तर घेरी येते. डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी अर्धा तास आधी घेतली की घरी जाईपर्यंतचा वेळ सुसह्य होतो. दोरा बदलल्यावर एक दिवस, फार तर दोन दिवस, आग जास्त राहते, मग उतरते.

निघालेला जुना दोरा आम्ही टाकून देत नाही, आधी पट्टीवर मोजतो. गाठीपासून कापलेल्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे त्या वेळी शिल्लक असलेली वाट. ती तारखेसह केसपेपरवर लिहितो. समजा पहिल्या वेळी ६ सेंटिमीटर, पुढच्या आठवड्यात ५.३, मग ४.५. आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर वाट कापली जाते. तो आकडा आम्हाला विचारा, स्वतःच्या वहीतही लिहा. "सिस्टर, काही फरकच नाही" म्हणणाऱ्या कित्येकांना मी तो रकाना दाखवला आहे, आणि त्यांचा चेहरा उजळताना पाहिला आहे. सलग दोन-तीन वेळा आकडा हललाच नाही, तर मात्र एखादा फाटा राहिलाय का, गाठ सैल पडतेय का, हे डॉक्टर पुन्हा बघतात.

तारीख चुकवू नका. कापणीचे दिवस, मुलीची परीक्षा, लग्नसराई, कारणं खरी असतात. एक-दोन दिवस मागेपुढे झाले तर बिघडत नाही. पण तीन आठवडे तोच दोरा ठेवला तर त्यावर काही औषध उरलेलं नसतं. मग तो नुसता धागा असतो, आणि तुम्ही उगाच त्रास सोसत असता.

मध्येच दोरा तुटून पडला तर घाबरू नका. तो कागदात गुंडाळून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या. वाट लवकर आवळते, चार दिवसांनी आलात तर पुन्हा भूल देऊन सळई घालायची वेळ येऊ शकते. बाहेरची टोकं टोचत असतील तर ती स्वतः कापू नका. गॉजच्या घडीखाली मांडीकडे वळवून चिकटपट्टीने बसवा.

घरचा दिनक्रम

सकाळी शौचाला वेळ द्या, पण मोबाइल घेऊन अर्धा तास बसू नका. कुंथू नका. नंतर कोमट पाण्याने धुवा, घासू नका. जेट स्प्रे जोराचा नको.

मग टब. बाजारात पसरट प्लॅस्टिकचा टब मिळतो, कमोडवर बसवायचाही मिळतो. पाणी अंगठा बुडवून बघू नका, कोपर बुडवून बघा. कोपराला सुखद वाटलं तेच बरोबर. मधुमेहाने पायाची आणि कातडीची जाणीव कमी झालेल्यांनी पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. पाण्यात त्रिफळ्याचा किंवा पंचवल्कलाचा काढा घालायला सांगतात. वड, पिंपळ, उंबर, पायरी आणि पारोसा पिंपळ या पाच झाडांच्या साली म्हणजे पंचवल्कल. काढा सुती कापडातून दोनदा गाळा. एकदा एका ताईंची जखम सारखी टोचत होती, बघितलं तर सालीचा कण अडकलेला. दहा ते पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोनदा, जमलं तर तीनदा. गुडघे दुखणाऱ्यांनी जमिनीवरच्या टबात बसू नये, उठताना पडतात. त्यांच्यासाठी कमोडचा टब.

उठल्यावर सुती कापडाने टिपून घ्या. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जात्यादी तेलात भिजवलेली गॉजची लहान घडी ठेवा, त्यावर पॅड. पॅड ओला झाला की बदला, रात्रभर एकच ठेवू नका. पिवळसर, किंचित लालसर पाणी येत राहणार. ते यायलाच हवं, त्यासाठीच दोरा आहे. त्याला बघून घरचे घाबरतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

बायकांनी पाळीच्या दिवसांतही टब आणि दोरा बदल थांबवायचं कारण नाही, पॅड मात्र जास्त वेळा बदलायचे.

काम? टेबलावरचं काम करणारे बरेच जण तीन-चार दिवसांत रुजू होतात. दर तासाने उठून चार पावलं चाला. बसायला साधी मऊ उशी घ्या. रिक्षा, ट्रॅक्टर, मोटरसायकल चालवणाऱ्यांनी पहिला आठवडा तरी थांबावं, आणि दोरा बदलल्याच्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये. जड ओझी नकोत.

खाणं

शौच केळ्याइतकं मऊ व्हावं, एवढंच ध्येय ठेवा. घट्ट झालं तर जखम चिरते, आणि जुलाब झाले तर आग होते आणि घाण जखमेत जाते, म्हणून रेचकांचा मारा नको. रात्री त्रिफळा, गंधर्व हरीतकी किंवा इसबगोल, यांतलं जे डॉक्टर देतील ते आणि तेवढंच. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, भोपळा, सुरण, दुपारी ताजं ताक, जेवणात चमचाभर तूप, दिवसभर पाणी. ठेचा, मिसळ, लोणचं, मैदा, दारू बंद. तंबाखू आणि मिश्री जखम भरू देत नाही, म्हणून तीही बंद. श्रावणात किंवा नवरात्रात दोरा चालू असेल तर साबुदाणा आणि शेंगदाण्यांच्या उपवासाने हमखास बद्धकोष्ठ होतं. उपवास करायचाच असेल तर राजगिरा, फळं, ताक यांवर करा.

मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, बीपीची औषधं बंद करायची नाहीत. 'आयुर्वेदाचे उपचार चालू आहेत' म्हणून ती सोडलेला पेशंट दर काही महिन्यांनी येतो, आणि साखर वाढून जखम आहे तिथेच थांबलेली असते.

तारखेची वाट न बघता यायचं ते केव्हा

थंडी वाजून ताप आला. बाजूला नवी गाठ आली आणि ठणकतेय. रक्त थांबत नाही, तासाभरात पॅड भिजतोय. लघवी अडली. वारा किंवा पातळ शौच नकळत सुटू लागलं. यांतलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघा. आमच्याकडे येणं शक्य नसेल तर जवळच्या कुठल्याही सर्जनकडे जा आणि आत दोरा आहे हे सांगा. गाठ बघून त्यांना ओळखता येईलच असं नाही.

शेवटचा दोरा

शेवटी वाट इतकी उथळ होते की दोरा आपोआप कापून बाहेर येतो, बहुतेकदा आंघोळीच्या किंवा शौचाच्या वेळी. काहींना तो गळाल्याचं कळतही नाही. कधी शेवटचा पातळ पडदा डॉक्टर जागच्या जागी सोडवतात. त्या जागी आता नळी नसते, उघडी पन्हळ असते, आणि ती तळापासून भरत यावी लागते. वरून घाईने मिटली आणि आत पोकळी राहिली तर पुन्हा तेच. म्हणून दोरा गळाल्यावरही टब आणि ड्रेसिंग डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत चालू ठेवायचं, साधारण दोन-तीन आठवडे. "सुटलो एकदाचे" म्हणून याच टप्प्यावर माणसं यायची थांबतात.

मागच्या पावसाळ्यात एक रिक्षावाले दादा गळालेला दोरा कागदाच्या पुडीत घेऊन आले होते. दहा आठवडे एकही तारीख न चुकवता आलेला माणूस. मी तो पट्टीवर ठेवला, सेंटिमीटरभरही नव्हता. केसपेपरवर ७ सेंटिमीटरपासून उतरत आलेल्या रकान्यात मी शेवटचा आकडा लिहिला आणि खाली पुढच्या तारखा घातल्या: पंधरा दिवसांनी, मग एक महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. तुमच्याही कागदावर त्या घालून घ्या. मधल्या काळात त्या जागी पुन्हा ओल लागली किंवा पुटकुळी आली, तर तारखेसाठी थांबू नका, हीच फाइल घेऊन या.